गुरुवारवाल्यांना, उशिरा का होईना

पाळकबुवा

मंडळी, (आमच्यात या शब्दाचा अर्थ 'चर्च' असा आहे, त्यामुळे इथे लिहिताना दर वेळी उपदेशाला उभा राहिल्यासारखं वाटतं. चालवून घ्या.)

गेल्या आठवड्यात चर्चमागच्या खोलीची साफसफाई काढली. नाताळातली थर्मोकोलची गव्हाण, मोडके बाक, उंदरांनी निम्मं खाल्लेलं 'उपासना संगीत', आणि सगळ्यात खाली एक सतरंजी. लाल-निळ्या पट्ट्यांची, एका कडेला उसवलेली, कोपऱ्यात ऑइलपेंटने 'मि. मं.' लिहिलेली. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "पाळकसाहेब, ही आता टाकू." मी "नाही" एवढ्या जोरात ओरडलो की त्यांच्या हातातला झाडू पडला. बायको बाहेरूनच म्हणाली, "काय, साप निघाला का?"

ती सतरंजी टाकता का येत नाही, ते सांगायला हा धागा.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावी पाळक आहे. रीतसर सेमिनरी, रीतसर दीक्षा, झगा, सह्यांचे अधिकार, सगळं आहे. पण पाळक होण्याआधी पाच वर्षं मी ज्या जागी उपासनेला जात होतो ती कुठल्याच चर्चच्या यादीत नव्हती. ती म्हणजे चिंचवडमधल्या एका चाळीतली दहा बाय बाराची खोली. १९९८ मध्ये आयटीआय करून टर्नर म्हणून तिकडे गेलो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे त्या भागातल्यांना ठाऊक असेल. विजेच्या हिशेबाने ठरलेली. उपासना रविवारी आणि आम्ही रविवारी मशीनवर! पहिले काही महिने रविवारची पहिली पाळी करून संध्याकाळी चर्चला जायचो, तर तिथे कुलूप.

मग आमच्याच शॉपमधल्या एका फिटरकाकांनी विचारलं, "गुरुवारी येतो का आमच्याकडं?" गेलो. पंधरा-वीस माणसं, एक पेटी, एक टाळांची जोडी आणि ही सतरंजी. पाळक नाही, पंच (म्हणजे चर्चच्या कमिटीतले लोक) नाहीत, अर्पणाची थैलीही नाही. पैशांची गरज पडली की फळीवरच्या डब्यात टाकायचे, डबा कोणी मोजायचा नाही. कोणी नगरचे, कोणी जालन्याचे, कोणी सोलापूरकडचे. निम्मे वेगवेगळ्या चर्चमधले, दोघं-तिघं कुठल्याच चर्चमधले नाहीत. बाप्तिस्मा झालाय का हे कोणी विचारत नसे. गुरुवार म्हणून शेजारच्यांना वाटायचं दत्ताचं किंवा साईबाबांचं काही असेल. एक आजी तर कित्येक महिने प्रसादासाठी यायच्या. कळल्यावरही आल्या. म्हणाल्या, "शिरा चांगला असतो."

तिथे प्रवचन नसायचं. फिटरकाकांच्या बायकोने (आम्ही सगळे मावशी म्हणायचो) घातलेला नियम होता : शास्त्रपाठ वाचून झाला की प्रत्येकाने आपली अडलेली ओळ सांगायची. अर्थ सांगायचा नाही, बोधही काढायचा नाही. फक्त आपण कुठे अडलो ते. कोणी शहाणपणा करून अर्थ सांगू लागला की मावशी आतून म्हणायच्या, "अडलं काय ते सांग रे, सुटलेलं नको."

एक गुरुवार अजून लख्ख आठवतो. मत्तयाचा विसावा अध्याय, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. मळेवाला पहाटे काही मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि अगदी पाचलाही आणखी आणतो, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. पहाटेचे कुरकुरतात. आमच्यातला एक पर्मनंट कामगार म्हणाला, "मी इथंच अडलो. हे जर बरोबर, तर मग युनियन कशाला? बारा तास राबलेला आणि एक तास राबलेला सारखा?" खोलीत शांतता. मग दाराशी बसलेला एक कंत्राटी पोरगा, जो कधीच बोलायचा नाही, म्हणाला, "पाचवाला दिवसभर नाक्यावर उभा होता. त्याला कोणी नेलं नव्हतं. ते पण कामच आहे साहेब, उभं राहणं." पर्मनंटवाला लाल झाला. वाद रात्री अकरापर्यंत चालला आणि मिटला नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बघतो तर दोघं एका टेबलावर. आजवर हा दाखला मी वेदीवरून चार-पाच वेळा सांगितला असेल, टीकाग्रंथ वाचून, मूळ ग्रीक शब्द बघून. 'उभं राहणं पण काम' याच्या पुढे मला जाता आलेलं नाही.

२००३ मध्ये मी सेमिनरीला जायचं ठरवलं. ते सांगितलं त्या गुरुवारी कोणी वाईट बोललं नाही, पण कोणी खूशही झालं नाही. एक दादा एवढंच म्हणाला, "म्हणजे आता तू अर्थ सांगणार." मला ते लागलं. मी तावातावाने निघालो, नीट निरोपही घेतला नाही. पुढे अभ्यास, दीक्षा, बदल्या. त्यांच्याकडे दोनदा गेलो असेन, पाहुण्यासारखा. २००८-०९ च्या मंदीत कंत्राटी लोकांची कामं सुटली, काहींचे कारखाने चाकणकडे गेले, काका-मावशी गावी परतले. भांडण न होता, ठराव न होता ही गुरुवारची संगती थांबली. पेटी कोणी नेली, पातेली कोणी नेली, आणि सतरंजी एसटीच्या पार्सलने माझ्या नावावर आली. चिठ्ठी नव्हती. 'मि. मं.' म्हणजे 'मिशन मंडळी' असणार, कुठल्यातरी जुन्या मिशन कंपाउंडमधून आलेली, असा मी अंदाज केला आणि घडी घालून ठेवून दिली. आभाराचं पत्र लिहायचं राहिलं. ते राहिलेलं पत्र म्हणजे हे समजा.

---

मिरजेचा_तंबोरा

सुरेख लिहिलंय. ती शिऱ्याची आजी फार आवडली. एक बाळबोध शंका : पाळक आणि फादर एकच का?

---

पाळकबुवा

फादर कॅथलिकांचे, त्यांना लग्न करता येत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट. आम्हाला बायको असते, आणि 'साप निघाला का' असं विचारते.

---

जुने_पंच

पाळकसाहेब, सलाम. लेख मनापासून आहे, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. मी तीस वर्षं पंच होतो. अशा घरगुती संगती खूप बघितल्या. गाणी, प्रार्थना, साक्ष सगळं छान चालतं. मग कोणाचं लग्न निघतं. तेव्हा १८७२ चा कायदा आठवतो, परवान्याचा पाळक लागतो, रजिस्टर लागतं. कोणी वारलं की कब्रस्तान लागतं. ते कोणाच्या मालकीचं? ज्या चर्चला तुम्ही कंटाळून सोडलं त्याच चर्चच्या. वर्गणी भरायला कोणी नाही, पंपाचं बिल भरायला कोणी नाही, जागा मात्र हवी. आम्ही खडूस ठरतो ते यामुळे. राग नसावा.

---

पाळकबुवा

राग कसला, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

२००१ मध्ये फिटरकाकांचे वडील वारले, चिंचवडलाच. आमची वीस माणसं खोलीत, बाहेर पाऊस, आणि कोणालाच ठाऊक नाही की न्यायचं कुठे. काका एका मंडळीत कागदोपत्री सभासद होते, पण सात-आठ वर्षांची वर्गणी थकलेली. मी आणि एक दादा रात्री साडेदहाला तिथल्या पाळकांच्या दारात उभे. मनाची तयारी केली होती की आधी थकबाकी काढतील. ते वयस्कर गृहस्थ लुंगीवर बाहेर आले. विचारलं काय, तर "म्हातारे किती वर्षांचे होते?" आणि "खड्डा खणणाऱ्याला निरोप गेला का?" दुसऱ्या दिवशी छत्री धरून स्वतः पूर्ण विधी केला. वर्गणीचा विषय तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सेमिनरीला जावं असं मला त्या कबरीपाशी वाटलं. सतरंजीवर नाही. हे गुरुवारवाल्यांना मी कधी सांगितलं नाही, त्यांना दुखावेल म्हणून. अडायला त्यांनी शिकवलं. पण चिखलात उभं राहून कोणीतरी ठरलेले शब्द ठरल्यासारखे म्हणायला लागतात, स्वतःचं काही न घालता, हे त्या म्हाताऱ्या पाळकांनी दाखवलं. मला दोन्ही हवं होतं. दोन्ही एका जागी मिळत नाही म्हणून एक सोडलं.

---

नाव_नको

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. तुमचा अनुभव चांगला होता याचा आनंद आहे. माझा नव्हता.

आमच्याही घरी अशीच संगती सुरू झाली होती. 'चर्चमध्ये माणसांचे नियम, आपल्याकडे फक्त पवित्र आत्मा' असं सांगून. दोन वर्षांत एकच भाऊ बोलू लागला आणि बाकीचे 'आमेन' म्हणू लागले. मग दशमांश त्यांच्या हातात. मग कोणी कोणाशी लग्न करायचं ते त्यांना 'प्रकट' व्हायला लागलं. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं. तक्रार करायची तर कोणाकडे? बिशप नाही, कमिटी नाही, घटना नाही. तेव्हा कळलं की पंच, मिनिटबुक, कोरम या कंटाळवाण्या गोष्टी कशासाठी असतात.

तुमच्यात असं का झालं नाही? खरंच विचारतोय.

---

पाळकबुवा

तुमच्या बहिणीबद्दल फार वाईट वाटलं.

का झालं नाही? आम्ही फार चांगले होतो म्हणून नाही. एक तर अर्थ सांगायला बंदी होती, आणि अर्थ सांगता आला नाही की पुढारी होणं अवघड जातं. दुसरं, पाळ्या. दर आठवड्याला कोणाची ना कोणाची पाळी बदललेली, त्यामुळे तीच माणसं सलग चार गुरुवार कधी जमलीच नाहीत. गादी तयार व्हायला माणूस एका जागी बसावा लागतो. आणि मावशी. त्यांना सहज पुढारी होता आलं असतं, पण त्या सगळा वेळ स्वयंपाकघरात. आता वाटतं, आम्ही त्यांना तिथे ठेवलं की त्या स्वतः राहिल्या? सगळ्यांत जास्त बायबल त्यांनाच पाठ होतं. त्यांची अडलेली ओळ आम्ही किती वेळा विचारली असेल? मला दोन-तीनच गुरुवार आठवतात. ही आमची चूक आणि ती मी धाग्यात लिहायला हवी होती.

---

टाळकुटे

वारकरी घरातला आहे, म्हणून सतरंजी आणि टाळ वाचून थांबलो. तुम्ही लोक गाता काय? इंग्रजी चालीवरची गाणी की भजनं?

अवांतर : 'अडलेली ओळ' आमच्या फडावर चालू केली तर काल्याच्या कीर्तनाला काला व्हायचा नाही, नुसता कालवा होईल.

---

पाळकबुवा

खिक्. आमच्याकडेही कालवाच व्हायचा.

चर्चमध्ये दोन्ही असतं. ऑर्गनवर इंग्रजी चाली आणि पेटी-तबल्यावर देशी पदं. गुरुवारी मात्र जवळजवळ फक्त ना. वा. टिळक, कारण एका काकांना तीच पाठ होती. बालभारतीत ज्यांच्या कविता होत्या तेच टिळक. हे जन्माने चित्पावन. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत, त्यामुळे अभंग तुम्हाला परके वाटणार नाहीत. ऐका कधीतरी.

टिळकांचा विषय काढलाच आहे तर थोडं लांबवतो, कारण माझ्या मनात ही सतरंजी आणि टिळक एकत्रच असतात. वीसेक वर्षं मिशनमध्ये काम करून १९१७ मध्ये त्यांनी ते सोडलं, पगारासकट. साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. कल्पना अशी की ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते आणि ज्यांचा झाला नाही ते, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील. परदेशी पैसा नाही, परदेशी अंमल नाही. तेव्हाच्या मिशनवाल्यांना हे झेपणं कठीणच होतं. टिळक ९ मे १९१९ ला गेले. म्हणजे दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली, आणि त्यांच्यामागे तो धरला नाही.

सेमिनरीत चर्चेला हा विषय निघाला की 'अयशस्वी प्रयोग' असा शेरा पडायचा. मला तो पटत नसे. दरबार साताऱ्यात नोंदला गेला असेल, पण बसायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी नगरच्या घरात झाली होती. बालकवी ठोंबरे तिथे राहिले, ते काही ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. कोण आतला, कोण बाहेरचा हा हिशेब त्या माजघरात चालत नव्हता. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. (स्वयंपाकघरातल्या बाईबद्दल वर लिहिलंय, ते इथेही लागू.)

एक गंमत बघा. टिळक संस्थेतून बाहेर पडले. मी बाहेरून संस्थेत शिरलो, पगारासकट.

---

वसईकर_पोर

आमच्याकडे (कॅथलिक, सामवेदी) वाडीवाडीत छोटे गट भरतात, पण ते धर्मग्रामाच्या आतच, फादरांच्या माहितीने. त्यामुळे 'बाहेरची मंडळी' हा प्रकार आम्हाला नवीन. पण अडण्यावरून आजी आठवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी मिस्सा (आमची उपासना) लॅटिनमध्ये असायची. आजीला सगळं लॅटिन पाठ, अर्थ शून्य. मिस्सा मराठीत झाली तेव्हा म्हणाली म्हणे, "आता कळायला लागलं, आता पंचाईत झाली."

---

पाळकबुवा

आजींना माझा साष्टांग. हे वाक्य मी रविवारी वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

---

जुने_पंच

एक विचारायचं राहिलं. आता तुमच्या मंडळीत हे 'अडलेली ओळ' चालू आहे का? आणि पंच काय म्हणतात?

---

पाळकबुवा

रविवारी नाही. रविवारी लोकांना उपदेश हवा असतो आणि तो पावणेबाराच्या आत संपायला हवा असतो. पण बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असते, तिथे दोन वर्षांपूर्वी सुरू केलं. पहिले तीन बुधवार कोणीच बोललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या. चौथ्या बुधवारी लूकचा दहावा अध्याय होता, मार्था आणि मरीया. येशू घरी आलेला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, मार्था कामाने दमलेली. येशू म्हणतो, मरीयेने चांगला वाटा निवडला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई, ऊसतोडीला गेलेल्या, हाताला घट्टे, पदर सावरत म्हणाल्या, "मी अडले. मंग जेवण कोणी केलं?"

सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येशूबरोबर बारा जण होते ना? तेरा मानसांचं जेवण. कोणी केलं, लिव्हलंय का?"

नाही लिहिलेलं. मी उघडून बघितलं, खरंच नाही.

पंचांपैकी एकाने कमिटीत विषय काढला. त्यांचं म्हणणं, पाळकाने अर्थ सांगायचा असतो, विचारत बसायचा नसतो, त्याला पगार कशाचा देतो आपण? मिनिटबुकात नोंद झाली आहे. २००३ मध्ये तो दादा म्हणाला होता, 'म्हणजे आता तू अर्थ सांगणार'. आता सांगत नाही म्हणून नोटीस यायची वेळ आली आहे.

---

नाव_नको

मिनिटबुकात नोंद झाली हे वाचून हसलो. बऱ्याच दिवसांनी या विषयावर हसलो. धन्यवाद.

---

मिरजेचा_तंबोरा

जेवण कोणी केलं! घरात वाचून दाखवलं. आई म्हणाली, त्या बाईंना पाळक करा.

---

चिंचवडची_चिमणी

दादा, ओळखलंत का? नाव लिहीत नाही. मी मावशींची धाकटी. तुम्ही यायचात तेव्हा मी दुसरीत होते आणि तुमच्या सायकलची घंटी वाजवायचे. मैत्रिणीने धागा पाठवला. शॉप, गुरुवार, शिरा वाचलं आणि कळलं.

आई गावी आहे, बरी आहे. गुडघे धरलेत. तिला सगळं वाचून दाखवलं, प्रतिसादांसकट, दोनदा. स्वयंपाकघराचं ऐकून म्हणाली, "मला कोणी ठेवलं नव्हतं. खोलीत पंखा नव्हता, ओट्यापाशी खिडकी होती." तुमचा राग वगैरे कोणाला आठवत नाही. आजोबांच्या वेळचे ते पाळक मात्र आठवतात, आणि तुम्हाला तिथे वाटलं ते तिला तेव्हाच कळलं होतं म्हणे. तुम्ही परत येताना एक शब्द बोलला नव्हतात.

आता सतरंजीचं. दादा, ती मिशन मंडळीची नाही हो. 'मि. मं.' म्हणजे मित्र मंडळ, चाळीच्या गणपतीचं. तुम्ही येण्याच्या आदल्या वर्षी आईने एका गुरुवारपुरती मागून आणली होती, माणसं जास्त येणार होती म्हणून. परत द्यायची राहिली. दर गणपतीला मंडळाची पोरं दारात यायची, "काकू, सतरंजी?" आणि आई त्यांना शिरा द्यायची. पोरं जायची.

गाव सोडताना ती आईला सोबत न्यायला लाज वाटली, परत करायलाही लाज वाटली. म्हणून तुम्हाला पाठवली. म्हणाली, तो पाळक आहे, काय करायचं ते बघेल.

---

पाळकबुवा

पाच मिनिटं नुसता बसलोय.

मावशींना सलाम सांग. मंडळ आहे का अजून तिथे? गणपतीला आठ-नऊ दिवसच राहिलेत. उसवलेली कड शिवायला टाकतो.